सहाचं वलय सातचं होतं तेव्हा: मासेमारीचं जाळं, खताची गोणी आणि एका अणूची जागा

नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. तिथल्या बाकावर दोन राज्यांची नावं लिहिलेला फोटो तुम्ही सोशल मीडियावर कधीतरी पाहिला असेल. याच नवापूर तालुक्यापर्यंत तापीवरच्या उकाई धरणाच्या फुगवट्याचं पाणी येतं. नंदुरबार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत, नर्मदेवरच्या सरदार सरोवराचं पाणी पसरलंय. या पाण्यात जाळी टाकली जातात. काठावरच्या शेतांत कापूस, मिरची, ऊस, कांदा पिकतो आणि त्याला खत लागतं.

जाळं आणि खत. एक पाण्यात, एक मातीत. दोघांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं वाटत नाही.

पण आहे. दोन्ही वस्तू एकाच कारखान्यातून, एकाच रासायनिक अभिक्रियेच्या पोटातून येऊ शकतात. या अभिक्रियेत सहा अणूंचं वलय सात अणूंचं होतं, बस्स. ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या पुस्तकात हा भाग 'रिंग एक्स्पान्शन' आणि 'रिंग काँट्रॅक्शन' या नावांनी येतो. बरेच विद्यार्थी तो पाठ करून परीक्षा देतात आणि विसरून जातात. हा विषय खरं तर आपल्या घरापर्यंत, शेतापर्यंत आणि औषधाच्या पाकिटापर्यंत कसा पोहोचलाय, ते आपण समजून घेऊ.

आधी हे सांगा, वलय म्हणजे काय?

कार्बनच्या अणूला चार हात असतात असं आपण शाळेत शिकलो. या हातांनी तो दुसऱ्या अणूंना धरतो. कार्बनचे अणू एकापुढे एक उभे राहिले की साखळी तयार होते. साखळीच्या पहिल्या आणि शेवटच्या अणूने एकमेकांचा हात धरला की तयार होतं वलय, म्हणजेच रिंग.

होळीच्या वेळी सातपुड्यात माणसं हातात हात घालून फेर धरतात, ते चित्र डोळ्यांपुढे आणा. फेरात पाच जण असतील, सहा असतील किंवा सात. वलयाचंही तसंच आहे. तीन अणूंचं वलय असतं, चारचं असतं, पाच, सहा, सात, अगदी पंधरा-सोळा अणूंचंही असतं. वलयात फक्त कार्बनच असतो असंही नाही. मधे एखादा नायट्रोजन, ऑक्सिजन किंवा गंधकही येऊन उभा राहतो.

फेरात किती जण आहेत यावर फेराचा आकार ठरतो. रसायनशास्त्रात त्याही पुढे जाऊन पदार्थाचा स्वभावच ठरतो.

मग सगळी वलयं सारखीच सोयीची का नसतात?

याचं उत्तर कोनात आहे. कार्बनला आपले चार हात एकमेकांपासून साधारण १०९.५ अंशांवर ठेवायला आवडतं. पण तीन अणूंचं वलय म्हणजे त्रिकोण. त्यात कोन फक्त ६० अंशांचा. चारच्या वलयात साधारण ९०. म्हणजे हात जबरदस्तीने वाकवावे लागतात आणि वलयात ताण साठतो.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ फॉन बायर यांनी १८८५ मध्ये ही ताणाची कल्पना मांडली. त्यांची एक चूक झाली. सगळी वलयं कागदासारखी सपाट असतात असं त्यांनी धरलं. प्रत्यक्षात सहाचं वलय सपाट नसतं, ते खुर्चीसारखं दुमडून बसतं आणि त्यामुळे जवळजवळ ताणमुक्त होतं.

आजच्या मोजमापानुसार तीनच्या वलयात दर मोलमागे सुमारे २७ किलोकॅलरी ताण असतो, चारच्या वलयात सुमारे २६, पाचच्या वलयात सुमारे ६, सहाच्या वलयात जवळपास शून्य आणि सातच्या वलयात पुन्हा सुमारे ६.

हे आकडे लक्षात ठेवले तर अर्धा विषय समजला. तीन किंवा चारच्या वलयाला संधी मिळाली की ते मोठं व्हायला बघतं. पाच आणि सहाची वलयं निवांत असतात. आणि सहाच्या निवांत वलयाला सातचं करायचं असेल, तर त्याला काहीतरी मोठं आमिष दाखवावं लागतं.

वलयाचा आकार बदलतो कसा?

पुन्हा फेराकडे जाऊ. सहा जणांचा फेर चाललाय. त्यातल्या एकाच्या खांद्यावर हात ठेवून सातवा माणूस फेराबाहेर उभा आहे. आता फेरातला शेजारी आपल्या जोडीदाराचा हात सोडतो आणि झटकन त्या बाहेरच्या माणसाचा हात धरतो. काय झालं? बाहेरचा आत आला. फेर सातचा झाला. नवीन कुणी गावातून आलं नाही, कुणी घरी गेलं नाही. फक्त एक हात एकीकडून सुटला आणि दुसरीकडे जुळला.

रिंग एक्स्पान्शन बहुतेक वेळा असंच होतं. याउलट, फेरातल्या दोन माणसांनी मधल्या एकाला वगळून एकमेकांचा हात धरला आणि मधला बाहेर लटकला, तर फेर लहान झाला. ते रिंग काँट्रॅक्शन.

तिसरा प्रकार म्हणजे फेर आधी पूर्ण सुटतो, सरळ रांग होते आणि मग वेगळ्या ठिकाणी हात जुळून नव्या मापाचा फेर बनतो. या तिन्ही प्रकारांची उदाहरणं पुढे येतील.

जाळ्याच्या धाग्यात हे सगळं कुठून आलं?

सायक्लोहेक्झानोन नावाचा एक द्रव असतो. त्यात सहा कार्बनचं वलय आणि त्यातल्या एका कार्बनवर ऑक्सिजन. पेट्रोलियमपासून मिळणाऱ्या बेंझीनपासून तो बनवतात. त्याची हायड्रॉक्सिलअमाइनशी अभिक्रिया केली की ऑक्सिजनच्या जागी नायट्रोजन येतो आणि त्या नायट्रोजनवर एक ओएच गट बसलेला असतो. या पदार्थाला ऑक्झाइम म्हणतात. इथे नायट्रोजन म्हणजे फेराबाहेर उभा असलेला तो सातवा माणूस.

आता या ऑक्झाइमला तीव्र सल्फ्युरिक आम्लात टाकतात. आम्लामुळे ओएच गटाचं रूपांतर पाण्यात होऊ लागतं आणि तो नायट्रोजनला सोडून निघतो. नायट्रोजनचा एक हात मोकळा पडायला लागतो. त्याच क्षणी विरुद्ध बाजूचा शेजारी कार्बन आपला जुना हात सोडून नायट्रोजनला धरतो. नायट्रोजन वलयात येतो आणि सहाचं वलय सातचं होतं. या नव्या पदार्थाचं नाव कॅप्रोलॅक्टम.

ही अभिक्रिया अर्न्स्ट ओटो बेकमन यांनी १८८६ मध्ये शोधली, म्हणून ती 'बेकमन पुनर्रचना'. यातली सगळ्यात गमतीची गोष्ट अशी की ऑक्झाइम आणि कॅप्रोलॅक्टम यांच्यातले अणू मोजले तर तंतोतंत सारखे भरतात. दोन्हीत ६ कार्बन, ११ हायड्रोजन, १ नायट्रोजन, १ ऑक्सिजन. ना काही कमी, ना काही जास्त. फक्त नायट्रोजनची जागा बदलली.

मग सहाचं निवांत वलय सोडून रेणू सातच्या वलयात का गेला? कारण या बदलात अमाइड नावाचा एक खूप स्थिर बंध तयार होतो. सातच्या वलयाचा थोडासा ताण त्यापुढे किरकोळ आहे. मघाशी म्हटलं ते आमिष हेच.

पण वलयाचा धागा कसा होतो?

त्यासाठी वलय पुन्हा उघडावं लागतं. कॅप्रोलॅक्टममध्ये थोडं पाणी घालून ते साधारण २५० अंश सेल्सियसच्या आसपास तापवलं की काही वलयं उघडतात. उघडलेलं टोक दुसऱ्या वलयाला उघडतं, ते तिसऱ्याला. अशी लांबच लांब साखळी तयार होते. ही साखळी म्हणजे नायलॉन ६. नावातला ६ हा आकडा प्रत्येक तुकड्यातल्या सहा कार्बनचा.

यामागे एक छोटा इतिहास आहे. अमेरिकेतल्या ड्यू पॉन्ट कंपनीत वॉलेस कॅरोथर्स यांनी १९३५ मध्ये पहिलं नायलॉन बनवलं, ते नायलॉन ६,६. त्यासाठी दोन वेगवेगळे घटक लागत. कॅप्रोलॅक्टमपासून असा धागा होत नाही, असं कॅरोथर्स यांच्या प्रयोगांत दिसलं होतं. जर्मनीत पाउल श्लाक यांनी १९३८ मध्ये तोच कॅप्रोलॅक्टम वापरून धागा काढून दाखवला. वलय तेच होतं, ते उघडण्याची युक्ती सापडली.

नायलॉन येण्याआधी जाळी सुती किंवा तागासारख्या धाग्यांची असत. ती पाण्यात कुजायची. म्हणून ती झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून ठेवायची आणि वरचेवर वाळवायची. नायलॉन कुजत नाही, ओलं असतानाही बऱ्यापैकी मजबूत राहतं आणि बारीक धाग्यातही ताकद टिकवतं. आज धरणांच्या पाण्यात लावल्या जाणाऱ्या जाळ्यांत नायलॉन सर्रास दिसतं. ज्याला आपण तंगूस म्हणतो तो चकचकीत, पारदर्शक धागाही सहसा नायलॉनचाच असतो.

नंदुरबारमध्ये याचा अर्थ वेगळा आहे. सरदार सरोवराच्या बुडितात जिल्ह्यातली ३३ गावं आली. नदीकाठची जमीन गेली आणि पाणी आलं. त्या काठावर राहिलेल्या कुटुंबांपैकी काहींनी मासेमारीचा आधार घेतला. त्यांच्यासाठी जाळं म्हणजे कमाईचं साधन आणि घरखर्चातली एक मोठी खरेदी. फाटलं तर दिवस वाया जातो.

आणि खताची गोणी?

इथे गोष्ट रुळांवरून पुढे जाते. नंदुरबार-नवापूरची रेल्वे सुरतकडे जाते आणि सुरतच्या उत्तरेला आहे वडोदरा. तिथे गुजरात स्टेट फर्टिलायझर्स अँड केमिकल्स ही कंपनी आहे, १९६२ मध्ये स्थापन झालेली. नावात खत आहे आणि ती कॅप्रोलॅक्टमही बनवते. देशात कॅप्रोलॅक्टम बनवणारी दुसरी मोठी कंपनी म्हणजे केरळमधली फॅक्ट. तिचंही मूळ काम खतच.

खत कंपन्या नायलॉनचा कच्चा माल का बनवत असतील?

बेकमन पुनर्रचनेत तीव्र सल्फ्युरिक आम्ल भरपूर वापरावं लागतं. काम झाल्यावर कॅप्रोलॅक्टम त्या आम्लात अडकलेला असतो. तो सोडवायचा तर आम्ल शमवायला हवं. त्यासाठी अमोनिया घालतात. सल्फ्युरिक आम्ल आणि अमोनिया एकत्र आले की बनतं अमोनियम सल्फेट. म्हणजे शेतकऱ्याला परिचयाचं पांढरं, साखरेसारखं दाणेदार खत.

यात सुमारे २०.५ टक्के नत्र आणि सुमारे २३ टक्के गंधक असतं. म्हणजे ५० किलोच्या गोणीतून साधारण १० किलो नत्र आणि साडेअकरा किलो गंधक शेतात जातं. युरियात नत्र ४६ टक्के असतं, पण गंधक अजिबात नसतं. तेलबिया, कांदा, डाळी यांना गंधक लागतं, म्हणून या खताला मागणी राहते.

प्रमाण ऐकून आश्चर्य वाटेल. जुन्या पद्धतीत एक टन कॅप्रोलॅक्टम बनवताना चार टनांहून जास्त अमोनियम सल्फेट तयार व्हायचं. म्हणजे बनवायचा होता धागा, पण वजनाने जास्त निघालं खत! नंतरच्या पद्धतींत हे प्रमाण बरंच खाली आलं, तरीही ते शून्य झालं नाही. ज्या कंपनीकडे अमोनिया आणि सल्फ्युरिक आम्ल दोन्ही घरचंच आहे आणि खत विकायची साखळीही तयार आहे, तिला हा धंदा सोयीचा पडतो. खत कंपन्या यात का उतरल्या याचं उत्तर इथे आहे.

जगभरातले रसायनतज्ज्ञ मात्र हे खत तयारच होऊ नये म्हणून वर्षानुवर्षं खटपट करतायत. कारण त्यांच्या दृष्टीने ते नको असलेलं उपउत्पादन आहे. जपानच्या सुमितोमो केमिकलने २००३ मध्ये अशी पद्धत कारखान्यात आणली, जिच्यात सल्फ्युरिक आम्लाऐवजी घन उत्प्रेरकावरून ऑक्झाइमची वाफ सोडतात. वलय तसंच सहाचं सातचं होतं, पण खत निघत नाही.

पर्यावरणाच्या हिशेबात हे चांगलंच. पण ही पद्धत सगळीकडे गेली तर गंधकयुक्त खताचा एक मोठा स्रोत आटेल. एका देशात जो कचरा मानला जातो, तो दुसरीकडे शेतकऱ्याच्या कामाचा असतो.

एक खुलासा इथेच करायला हवा. बाजारातलं सगळंच अमोनियम सल्फेट कॅप्रोलॅक्टमच्या कारखान्यातून येत नाही. ते पोलाद कारखान्यांच्या कोक भट्ट्यांमधूनही मिळतं आणि थेटही बनवतात. तसंच सगळी जाळी नायलॉन ६ चीच असतात असंही नाही.

कारखाना सोडा, घरात असं काही घडतं का?

घडतं. मधाच्या बाटलीत.

मधात सगळ्यात जास्त असणारी साखर म्हणजे फ्रुक्टोज. ऊस किंवा साखरेच्या रेणूत फ्रुक्टोज असतं तेव्हा ते पाचच्या वलयात बंद असतं. पण ते सुटं होऊन पाण्यात आलं की त्याचं वलय उघडतं आणि पुन्हा मिटतं. मिटताना ते कधी पाचचं वलय बनतं, कधी सहाचं. साध्या तापमानाला बहुतांश फ्रुक्टोज सहाच्या वलयात असतं. फेर सुटतो, रांग होते, नव्या मापाचा फेर जुळतो, तो तिसरा प्रकार हाच.

आणि याचा जिभेला फरक कळतो. सहाच्या वलयातलं फ्रुक्टोज खूप गोड लागतं, पाचच्या वलयातलं बरंच कमी. तापमान वाढलं की पाचच्या वलयाचं प्रमाण वाढतं. म्हणून फ्रुक्टोजचं थंड सरबत जितकं गोड लागतं, तितकं ते गरम असताना लागत नाही. साखरेच्या चहात मात्र असं होत नाही, कारण साखरेत फ्रुक्टोज ग्लुकोजला बांधलेलं असतं. त्याला वलय उघडता येत नाही.

औषधाच्या पाकिटात कुठलं वलय बदलतं?

महाराष्ट्राचा या विषयाशी एक जुना संबंध पिंपरीत सापडतो. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी १९५४ मध्ये तिथे स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची मदत तिला मिळाली होती. १९५५ मध्ये तिथे पेनिसिलिन बनू लागलं.

पेनिसिलिनच्या रेणूत दोन वलयं एकमेकांना चिकटलेली असतात. एक चारचं, दुसरं पाचचं. चारचं वलय हेच त्याचं हत्यार. त्यात ताण साठलेला असतो. जिवाणू आपली भिंत बांधायला जे एन्झाइम वापरतो, त्याच्याशी गाठ पडली की हे वलय फटकन उघडतं आणि त्या एन्झाइमला कायमचं चिकटतं. भिंत अर्धवट राहते आणि जिवाणू मरतो.

पण जिवाणूही शिकले. त्यांच्यापैकी काहींकडे असं एन्झाइम असतं, जे हे वलय आधीच फोडून टाकतं. मग पेनिसिलिन निकामी होतं.

१९४५ मध्ये इटलीच्या सार्डिनिया बेटावर जुझेप्पे ब्रोत्झू यांना सांडपाणी जिथे समुद्राला मिळतं तिथे एक बुरशी सापडली. तिच्यातून पुढे सेफॅलोस्पोरिन मिळालं. त्याची रचना पाहिली तर चारचं वलय तेच होतं, पण शेजारचं वलय पाचऐवजी सहाचं होतं. या बदलामुळे अशी काही औषधं त्या फोडणाऱ्या एन्झाइमसमोर जास्त टिकाव धरतात.

अडचण एकच होती. पेनिसिलिन स्वस्तात मिळत होतं, सेफॅलोस्पोरिन मात्र बुरशीतून फार कमी निघायचं. मग पेनिसिलिनचंच वलय मोठं केलं तर? १९६३ मध्ये एलाय लिली कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी ते करून दाखवलं. पेनिसिलिनमधल्या गंधकाला एक ऑक्सिजन जोडायचा, मग आम्लासोबत तापवायचं. पाचचं वलय उघडतं, बाहेर लटकलेला एक कार्बन आत ओढला जातो आणि वलय सहाचं होऊन मिटतं. पुन्हा तोच फेर, पुन्हा तोच बाहेरचा माणूस आत.

आज डॉक्टर लिहून देतात ते सेफॅलेक्सिन बनवण्याचा प्रमुख रस्ता पेनिसिलिनच्या वलयविस्तारातून जातो. आणि बुरशी हेच काम कितीतरी आधीपासून करत होती. तिच्याकडे यासाठी खास एन्झाइम आहे. शास्त्रज्ञांनी त्याला नावही सरळ दिलंय, एक्स्पांडेज.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. अँटिबायोटिक अर्धवट घेणं, उरलेल्या गोळ्या दुसऱ्याला देणं, सर्दीसाठी मागून घेणं, यामुळे औषधाला दाद न देणारे जिवाणू वाढायला मदत होते. वलयाचा एक अणू वाढवायला किती कष्ट पडले, ते वर वाचलंतच.

वलय लहान होतं तेव्हा?

वलय लहान करणं त्यामानाने कमी ऐकू येतं, पण त्याचेही उपयोग आहेत. फावोर्स्की यांच्या नावाने ओळखली जाणारी अभिक्रिया सहाचं वलय पाचचं करते. याच अभिक्रियेच्या मदतीने १९६४ मध्ये फिलिप ईटन यांनी क्युबेन बनवलं. आठ कार्बन, प्रत्येक कोपऱ्यावर एक, अगदी लुडोच्या फाशासारखा घन! त्याची प्रत्येक बाजू चारचं वलय, म्हणजे ताणाचा डोंगर.

पेट्रोलच्या रिफायनरीत याच्या उलट हवं असतं. कच्च्या तेलातल्या पाचच्या वलयांना उत्प्रेरकावर सहाचं करतात आणि त्यातून पुढे बेंझीनसारखी संयुगं मिळवतात. ज्या बेंझीनपासून आपली जाळ्याची गोष्ट सुरू झाली, त्यातलं काही आधीच एकदा वलय बदलून आलेलं असतं.

बारावी, जेईई किंवा बीएस्सी करताय? मग हे लक्षात ठेवा

• चारचं वलय आणि त्याला लागून बाहेरच्या कार्बनवर धन प्रभार दिसला, तर वलय पाचचं होण्याची दाट शक्यता. ताण सुटतो म्हणून.

• तीनच्या वलयाला लागून धन प्रभार असेल तर घाई करू नका. तो प्रभार खास स्थिर असतो, त्यामुळे वलय तसंच राहू शकतं.

• वलयातला कीटोन, त्याचा ऑक्झाइम आणि आम्ल दिसलं तर बेकमन. नायट्रोजन आत येतो. कोणता शेजारी हात बदलतो? ओएचच्या विरुद्ध बाजूचा.

• वलयातला कीटोन आणि पेरॅसिड दिसलं तर बायर-व्हिलिगर, १८९९ ची अभिक्रिया. इथे नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन आत येतो. सायक्लोहेक्झानोनपासून अशा प्रकारे कॅप्रोलॅक्टोन मिळतं. ऑपरेशननंतर आपोआप विरघळणाऱ्या काही टाक्यांच्या धाग्यात ते असतं.

• कीटोनशेजारच्या कार्बनवर हॅलोजन आणि सोबत अल्कली दिसलं तर फावोर्स्की. वलय लहान होईल.

• प्रत्येक वेळी वलयातले अणू बोटावर मोजा. या प्रश्नांत मार्क जातात ते बहुतेक मोजण्यातल्या चुकीमुळे.

जाळं फाटल्यावर काय?

आता शेवटचा आणि महत्त्वाचा मुद्दा. नायलॉन कुजत नाही हा त्याचा गुण, तोच त्याचा दोष. धरणात बुडालेल्या झाडांच्या खोडांत जाळं अडकतं, तुटतं आणि तिथेच राहतं. टाकणारा निघून गेला तरी जाळं मासे अडकवतच राहतं. ते मासे कुणाच्याच ताटात येत नाहीत. पुढच्या हंगामात कमी मासळी मिळते ती त्याच काठावरच्या माणसांना.

पण नायलॉन ६ बाबत एक वेगळी शक्यता आहे. ते वलय उघडून बनलंय, त्यामुळे योग्य तापमान आणि उत्प्रेरक वापरून त्याची साखळी तोडली की सातची वलयं पुन्हा मिटतात. परत कॅप्रोलॅक्टम मिळतं. ते शुद्ध करून नवा धागा काढता येतो. बाटल्या वितळवून कमी दर्जाचं प्लास्टिक बनवणं वेगळं आणि हे वेगळं. इथे पदार्थ पुन्हा मूळ रेणूपर्यंत जातो. इटलीच्या अक्वाफिल कंपनीने २०११ पासून स्लोव्हेनियातल्या कारखान्यात जुनी मासेमारीची जाळी आणि गालिचे यांपासून असा धागा काढायला सुरुवात केली.

यासाठी पहिली अट म्हणजे जाळी वेगळी करता आली पाहिजेत. पॉलिथिलीनच्या जाळ्यापासून कॅप्रोलॅक्टम मिळत नाही, कारण त्यात मुळात ते वलय नव्हतंच. ओळखायची एक सोपी खूण आहे. धाग्याचा तुकडा पाण्यात पूर्ण भिजवा, त्यावर बुडबुडे राहू देऊ नका. नायलॉन पाण्यापेक्षा जड असल्याने बुडतं, पॉलिथिलीन हलकं असल्याने तरंगतं. ही खूण शंभर टक्के नाही, कारण बुडणारे दुसरेही प्लास्टिक असतात. पण ढिगातून पहिली निवड करायला ती पुरते.

दुसरी अट पैशांची. फाटकं जाळं काठापर्यंत परत आणायला, धुवायला, सुकवायला आणि गोळा करून कारखान्यापर्यंत न्यायला खर्च येतो. तो खर्च मासेमारी करणाऱ्याच्या अंगावर टाकला तर तो जाळं पाण्यातच सोडेल. किलोमागे काही पैसे हातात पडले तर परत आणेल. रसायनशास्त्राने आपलं काम केलंय, वलय उघडतं तसंच मिटवताही येतं. आता उरलंय ते काठावर वजनकाटा लावण्याचं काम.